परक्याचा कोट

हीटर गेला त्या दिवसापासून छत्रीवाल्यांच्या घरात थंडीला अडवायला कपड्यांशिवाय दुसरं काही उरलं नाही.

गेला म्हणजे बिघडला नव्हता. मालकीणबाई स्वतः जिने चढून वर आल्या आणि काखोटीला मारून घेऊन गेल्या. झालं होतं असं, की छत्रीवाल्या काकू खाली दूध आणायला उतरल्या आणि तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी एक ओला टॉवेल हीटरवर पसरला. कुणाचा तरी टॉवेल भिजलाय, माणूस न्यायला येईल तेव्हा कोरडा हाती द्यावा, एवढाच त्यांचा भाबडा विचार. काकू परत आल्या तेव्हा जिन्यात धूर कोंडला होता, खुर्चीची पाठ करपली होती आणि हे शांतपणे बाजूला उभे राहून खोकत होते.

मालकीणबाई मनाने वाईट नव्हत्या. पण घाबरल्या होत्या.

"काकू, राग मानू नका. खाली माझी नातवंडं असतात. तुमच्या घरात आता हीटर नको, शेगडी नको, मेणबत्तीसुद्धा नको. स्वयंपाकाचा गॅस तेवढा, आणि तोही तुम्ही समोर असाल तेव्हाच."

काकूंनी स्वतःच हीटरची वायर गुंडाळून त्यांच्या हाती दिली.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ऊन तिकडे फिरकायचं नाही. वारा मात्र हक्काच्या पाहुण्यासारखा खिडकीच्या फटीतून आत यायचा आणि मुक्काम ठोकायचा. सकाळी मोरीतल्या बादलीत पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पातळ पापुद्रा असायचा. बोलताना तोंडातून वाफ निघायची. फरशीवर अनवाणी पाय पडला की कळ थेट मस्तकात जायची.

छत्रीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बस स्टँडवर प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू ठेवायची एक खोली होती. त्या खोलीच्या खिडकीमागे त्यांचा जन्म गेला. लोक चष्मे विसरत, डबे विसरत, एक गृहस्थ तर दातांची कवळी विसरून गेले होते. पण सगळ्यात जास्त विसरत त्या छत्र्या. म्हणून ते छत्रीवाले आणि त्यांच्या मागोमाग ह्या छत्रीवाल्या काकू. वस्तू आली की ते ती पुसायचे, घडी घालायचे, सुतळीने बांधून वर चिठ्ठी लावायचे आणि मालक येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून जपायचे. दुसऱ्याची टाचणीसुद्धा कधी घरी आली नाही. "ज्याचं त्याला," हे त्यांचं पालुपद. निवृत्त झाले आणि मग हळूहळू स्वतःच विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मुलाचं लग्न. "जन्मभर लोकांचं विसरलेलं सांभाळलं, आता माझी पाळी," असा विनोद सुरुवातीला ते करायचे. पुढे तो विनोदही विसरले.

काकू एका लाँड्रीत कामाला होत्या. आलेल्या कपड्यांची तुटकी बटणं लावायची, उसवलेल्या शिवणी पुन्हा घालायच्या. सकाळी जायच्या, दुपारी परत. तेवढा वेळ मालकीणबाई अधूनमधून वर डोकावत. बाकी सगळा दिवस ही दोघं आणि ती थंडी.

लोकरीच्या नव्या कपड्यांचं दुकान त्यांच्या रोजच्या रस्त्यावरच होतं, पण ते बाहेरून बघायचं. त्या गेल्या पुलाखाली, जुन्या कपड्यांच्या ढिगांकडे. तिथे एक बाई बसायची, जिला सगळे गाठोडेवाली म्हणत. स्वतः चार स्वेटर एकावर एक घालून ती ढिगाच्या मधोमध अशी बसायची, की ढीग कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होते ते पटकन कळू नये.

"वरून बघू नका काकू, आत हात घाला," ती म्हणाली. "खरी लोकर असली ना, तर हात बाहेर काढावासा वाटत नाही."

"पण वापरलेले कपडे..."

"मग? थंडीला कुठे कळतंय, कपडा कितव्या अंगावरचा आहे ते!"

काकू हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. दोन पातळ स्वेटर, एक जाड, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे, कानटोपी असं एकेक बाजूला निघालं. मग गाठोडेवालीने तळातून एक तपकिरी कोट ओढून काढला. आतून मऊ अस्तर, कॉलर रुंद, कोपरं तेवढी झिजलेली.

"हा न्या. ज्याचा होता तो चांगला धिप्पाड असणार. तुमच्या ह्यांच्या अंगात आतून सगळे स्वेटर मावतील."

"आता कुठे असेल तो?"

"ते मी कपड्यांना विचारत नाही," गाठोडेवाली म्हणाली, "तुम्हीही विचारू नका."

घरी आणून काकूंनी सगळं गरम पाण्यातून काढलं, वाळवलं, कोपरांना ठिगळं लावली. खिडकीवर जुनी रजई ठोकली, खुर्चीखाली पुठ्ठ्याचे थर अंथरले. मग यजमानांना समोर उभं करून एकेक चढवत गेल्या. आधी सुती बनियन, त्यावर पातळ स्वेटर, पुन्हा पातळ, मग जाड, आणि वरून कोट. जाड एकच कपडा घालण्यापेक्षा पातळ-पातळ थर बरे, मधली हवा ऊब धरून ठेवते, हे त्यांना आईने शिकवलं होतं. छत्रीवाले लहान मुलासारखे हात वर करून उभे राहिले. कानटोपी घातल्यावर आरशात बघून म्हणाले, "पहारेकरी दिसतोय."

"दिसा की. पहारा करा घरावर."

त्या दिवशी त्यांची बोटं कितीतरी दिवसांनी गरम लागली. काकूंनी ती आपल्या गालाला लावून बघितली. निभेल, त्यांना वाटलं, एवढा हिवाळा निभेल.

काही दिवस निभलाही. मग एका दुपारी त्या कामावरून परत आल्या, तर छत्रीवाले नुसत्या बनियनवर खुर्चीत बसलेले. ओठ निळे, अंगावर शहारे, दात वाजतायत. समोरच्या पलंगावर कोट, तिन्ही स्वेटर, मोजे, सगळं घडी घालून सुतळीने बांधलेलं. वर चिठ्ठी होती. अक्षर थरथरतं, पण वळण तेच जुनं. 'तपकिरी कोट व लोकरीचे कपडे. मालक आल्यास द्यावे.'

"अहो! हे काय केलंत?"

"हळू बोला," ते म्हणाले. "कुणाचा तरी कोट राहिलाय इथे. खिशात बसचं तिकीट आहे, पाण्याने विटलेलं. लांबचा दिसतो माणूस."

"तुमचाच आहे तो. मी आणलाय तुमच्यासाठी."

त्यांनी काकूंकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते खिडकीतून असेच बघायचे, न रागावता. "माझा नाही, बाई. माझा असता तर मला ठाऊक नसतं का?" आणि मग दातांवर दात आपटत असतानाच म्हणाले, "इतक्या थंडीत कोटाशिवाय गेलाय बिचारा. कुडकुडत असेल कुठेतरी."

काकूंनी त्यांना रजईत गुंडाळलं, तळपाय चोळले, गरम पाणी पाजलं. पाजताना त्यांना रडू आलं, कारण ते म्हणत होते त्यात खोटं काय होतं? कोट परक्याचाच होता.

त्यानंतर हे रोजचंच झालं. त्या घालायच्या, ते काढायचे. आपल्या अंगावर परकी वस्तू आहे हे एकदा मनात आलं, की त्यांना ती चावायला लागायची. काकूंनी साम-दाम सगळं करून बघितलं. "मालक येऊन गेला, म्हणाला तुम्हीच वापरा." त्यावर ते म्हणाले, "त्याची सही कुठाय?" "साहेबांचा हुकूम आहे." त्यावर ते म्हणाले, "साहेबांना सांगा, मी असली कामं करत नाही." एकदा तर त्या चिडून ओरडल्या, "मरा मग गारठून!" आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या पायाशी बसून मोजे चढवू लागल्या.

मुलाचा फोन यायचा. तो लांबच्या शहरात नोकरीला होता, स्वतःच्या संसाराने दमलेला.

"आई, त्यांचे जुनेच कपडे घाल ना मग. ते ओळखतील."

"जुन्यांची चाळण झालीय रे. त्यातून वारा इकडून तिकडे जातो. आणि तेही ओळखत नाहीत आता."

"मग मी काय करू, सांग."

"काही नको. तू जेवलास का?"

लाँड्रीत बसल्या बसल्या त्यांना एक युक्ती सुचली. तिथे कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून कॉलरच्या आत धाग्याने खुणा घालत. त्यांनी घरी येऊन कोटाच्या आत, स्वेटरच्या मानेशी, मोज्यांच्या काठाला, सगळीकडे लाल धाग्याने यजमानांचं पूर्ण नाव भरलं. ठळक, सुवाच्य, बस स्टँडवरच्या त्यांच्या पाटीवर असायचं तसं. नावापुढे ते हरतील. लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घालतानाच त्यांनी कोट उलटा करून दाखवला. "वाचा बघू. कुणाचा कोट?"

छत्रीवाल्यांनी चष्मा नाकावर सरकवला. एकेक अक्षर बोटाने वाचलं, अगदी बरोबर वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"वा! नाव सापडलं की!" ते म्हणाले. "आता सोपं झालं. बोलावून घ्या ह्या गृहस्थांना. म्हणावं, तुमचा कोट आमच्याकडे सुखरूप आहे."

काकूंच्या हातातून कोट गळून पडला. इतकी वर्षं त्यांचं वय विसरणं, घर विसरणं, बायकोला 'बाई' म्हणणं, सगळं त्यांनी सोसलं होतं. पण कुठेतरी आत तळाशी तो माणूस स्वतःच्या नावासकट शिल्लक असेल, असं धरून त्या चालल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. रडूही आलं नाही. बाहेरून छत्रीवाल्यांचा उत्साही आवाज येत होता. ते तेच नाव पुन्हा पुन्हा मोठ्याने पुकारत होते, खिडकीपाशी गर्दी असली की पुकारायचे तसं.

तरी कामावर जाणं भाग होतं. त्यांनी कपडे चढवले, दाराला बाहेरून कडी लावली, मालकीणबाईंना सांगितलं आणि गेल्या. मालकीणबाई थोड्या वेळाने चहा घेऊन वर आल्या. दार उघडलं, कप ठेवला. तेवढ्यात खाली नातू पडल्याचा आरडाओरडा झाला म्हणून त्या तशाच धावल्या. कडी लावायची राहून गेली.

छत्रीवाले सापडले ते कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर. अंगात बनियन, पायात काही नाही. मांडीवर कपड्यांचं गाठोडं नीट बांधलेलं, दोन्ही हात त्यावर ठेवलेले. येणाऱ्या प्रत्येक बसमधून उतरणाऱ्या माणसाला ते नाव विचारत होते. लोक वेडा समजून बाजूने जात होते. कुणीतरी पैसे टाकले होते, तेही त्यांनी वेचून गाठोड्याशेजारी ठेवले होते. काकू धावत तिथे पोचल्या तेव्हा त्यांचं कुडकुडणंसुद्धा थांबलं होतं.

"आला नाही हो अजून," ते म्हणाले आणि एका बाजूला कलले.

न्युमोनिया झाला. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात काकू स्टुलावर बसून राहिल्या. मुलगा आला, बापाच्या उशाशी उभा राहिला, बापाने त्याला "कोणती छत्री हवी?" म्हणून विचारलं, आणि मुलगा व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चार दिवस थांबून तो परत गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि उठताना तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं. मालकीणबाई येऊन गेल्या, रडल्या, माफी मागितली. काकू म्हणाल्या, "तुमची काय चूक?" आणि ते खरंच होतं. कुणाचीच चूक नव्हती, त्यामुळे कुणावर रागावताही येत नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "ह्या वेळी वाचले. पुन्हा गारठले तर वाचणार नाहीत. औषधापेक्षा ऊब महत्त्वाची. अंगावरचे कपडे निघता कामा नयेत."

"ते काढतात हो."

"मग काढता येणार नाहीत असं काहीतरी बघा."

काकूंनी ते शब्द घरी आणले. दुसऱ्या दिवशी लाँड्रीतून ताडपत्रीला वापरतात तसला जाड दोरा आणि मोठी सुई आणली. दुपारी यजमानांना गरम पाण्याने पुसलं, थरावर थर कपडे चढवले, आणि कोटाच्या दोन्ही कडा एकमेकींवर घेऊन सुई टोचली. खाली लघवीला अडचण होणार नाही एवढी मोकळीक ठेवली. बाकी गळ्यापासून मांडीपर्यंत बारीक, घट्ट टाके. बटणं कापून टाकली. बाह्या आतल्या स्वेटरच्या बाह्यांना जोडल्या.

छत्रीवाले मान खाली घालून सुई बघत होते.

"टाके सुरेख घालता हो तुम्ही," ते म्हणाले. "कुठे शिकलात?"

"आईकडे."

"एकसारखे आहेत अगदी."

काकूंच्या डोळ्यांपुढे दोरा दिसेनासा झाला. त्यांनी डोळे पुसले आणि पुढचा टाका घातला.

पण बोटं मोकळी होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी गळ्याजवळचे टाके नखांनी उसवले. नखाखाली रक्त आलं होतं. तेव्हा काकूंनी जाड मोजे कापून त्यांच्या पिशव्या केल्या, त्यात त्यांचे हात घातले, आणि पिशव्या बाह्यांना शिवून टाकल्या.

हे करताना मात्र ते घाबरले. "हात लागतील मला," ते म्हणाले. "खिडकी उघडायची वेळ झाली. लोक खोळंबतील."

"आज सुट्टी आहे."

"उद्या?"

"उद्यापण."

ते हात मागे ओढू लागले. त्यांच्यात आता जोर नव्हता आणि काकूंच्यात होता. पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातातल्या जोराची किळस आली.

मग तो हिवाळा सरळ गेला. कपडे अंगावरच राहिले. छत्रीवाल्यांचे गाल कोमट असायचे, पाय कोमट असायचे. काकू त्यांना घास भरवायच्या, पाणी पाजायच्या, नाक पुसायच्या. सुरुवातीला ते त्या बोथट हातांनी कोटावर धडपडत राहायचे, आंधळं जनावर भिंत चाचपडतं तसे. चिठ्ठी लिहायला कागद मागायचे. नंतर कागद मागणं थांबलं. नंतर पुकारणं थांबलं. आठवड्यातून एकदा, ऊन पडलं असेल त्या दुपारी, काकू सगळे टाके उसवून त्यांना अंघोळ घालायच्या आणि पुन्हा शिवायच्या. आधी आधी हात सुटले की ते बोटं उघडमीट करून बघायचे. पुढे पुढे तेही बघेनासे झाले.

मालकीणबाईंनी एकदा ते टाके पाहिले. जवळ येऊन बोटाने चाचपले. त्यांच्या तोंडून नुसतं "अगंबाई" एवढंच निघालं. काकू म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय." मालकीणबाईंनी मान हलवली आणि चहा न पिताच खाली गेल्या.

मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा बोलत का नाहीत गं?"

"थंडी आहे ना," काकू सांगायच्या.

थंडी ओसरली तेव्हा त्या त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "छाती अगदी साफ आहे," त्या खूश होऊन म्हणाल्या. "ह्या वयात असा हिवाळा काढणं सोपं नाही. फार जपलंत तुम्ही."

घरी येऊन काकूंनी शेवटचे टाके उसवले. कोट उतरवला, स्वेटर उतरवले, हातांवरच्या पिशव्या काढल्या. बोटं आत होती तशीच वळलेली राहिली. त्यांनी त्या हातात पेन्सिल दिली. ती धरली गेली नाही, घरंगळत पलंगाखाली गेली. छत्रीवाल्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. खिडकीवरची रजई काढलेली होती आणि बाहेर चांगलं ऊन होतं.

काकूंनी सगळे कपडे बादलीत घेतले आणि गच्चीवर गेल्या. मालकीणबाई तिथे उशा वाळवत होत्या. ओला कोट एकटीला पिळवेना, तेव्हा त्यांनी येऊन दुसरं टोक धरलं.

"डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवून द्या," मालकीणबाई म्हणाल्या. "पुढच्या हिवाळ्याला आयतं होईल."

पुढचा हिवाळा. काकूंच्या मनात आलं, पुढचा हिवाळा ह्यांनी बघू नये. दूध संपलंय हे आठवावं इतक्या साधेपणाने आलं. त्या थोडा वेळ थांबल्या, आता काळजात चर्र होईल म्हणून. काही झालं नाही.

"धरा घट्ट," त्या म्हणाल्या.

दोघींनी दोन बाजूंनी पीळ घातला. कोटातून तपकिरी पाणी गळत होतं. कितीही पिळलं तरी गळतच होतं.